तीन आकडे आणि एक स्लाइड : सोलापुरातल्या एका मुलीच्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आठ वर्षांच्या एका मुलीचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमचे निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मी सोलापूरच्या पूर्व भागात जनरल प्रॅक्टिस करते. मुलीचे वडील टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते. घरात आज्जी आणि बारा वर्षांचा भाऊ. आठवड्याच्या पगारावर चालणारे घर. मुलगी तिसरीत, अंगाने काटक, वर्षातून एकदोनदा सर्दी-खोकल्याला माझ्याकडे यायची तेवढीच.

ऑगस्टच्या अखेरीस तिचे पाय दुखायला लागले. रात्री उठून रडायची, गुडघे चोळून द्यायला सांगायची. माझा दवाखाना त्या आठवड्यात बंद होता, म्हणून घरच्यांनी दुसरीकडे दाखवले. तिथे सांधेदुखी समजून सहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी दुखणे गेले. मुलगी गणपतीत गल्लीच्या मंडळापुढे लेझीम खेळली. घरच्यांना वाटले, आजार गेला.

गोळ्या संपून बारा दिवस झाले आणि ताप सुरू झाला. आज्जी तिला घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, लेकरू नुसतं झोपुलालंय. जेवण बी जाईना."

पहिले सहा दिवस

सप्टेंबर होता, शहरात डेंग्यूची साथ. ताप, गळून जाणे, अंगदुखी. मी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि डेंग्यूची तपासणी लिहून दिली. डेंग्यू निगेटिव्ह आला. हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट ६८,०००. मी प्लेटलेटकडे पाहिले. साथीच्या दिवसांत सगळ्यांचीच नजर तिथे जाते, पालकसुद्धा दारातून आत येता येता "पेशी किती?" एवढेच विचारतात. ताप पाच दिवसांचा झालाय, म्हणून तपासणी निगेटिव्ह आली असेल, असे मनाशी धरून मी भरपूर पाणी, पॅरासिटामॉल आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासणी असा सल्ला दिला.

दोन दिवसांनी प्लेटलेट ५९,०००. पुन्हा थांबलो. सहाव्या दिवशी ३७,०००.

या प्रकरणातला पहिला निर्णय-बिंदू हाच, म्हणून इथे जरा थांबते. त्या पहिल्याच कागदावर तीन आकडे उतरलेले होते आणि मी त्यांतला एकच वाचला. डेंग्यूत प्लेटलेट पडतात, पांढऱ्या पेशीही पडतात, पण हिमोग्लोबिन आठवर येत नाही. उलट रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते, रक्त घट्ट होते आणि हिमोग्लोबिन चढलेले दिसते. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत तयार होतात. तिन्ही एकदम कमी असतील तर पहिली शंका जिथे त्या बनतात त्या जागेची घ्यायची. मी ती सहा दिवस घेतली नाही. पहिल्या दिवशी मी तिचे पोट हात लावून तपासले होते का, तेही माझ्या नोंदीत लिहिलेले नाही.

सहाव्या दिवशी तिला टेबलावर झोपवले. नडग्यांवर मुंगीच्या डोक्याएवढे जांभळट-लाल ठिपके होते. डास चावल्याची खूण दाबली की फिकी होते; हे ठिपके अंगठ्याने दाबून धरले तरी तसेच राहिले, कारण रक्त वाहिनीबाहेर कातडीत उतरलेले होते. डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढून दोन बोटे लागत होती. मानेत गाठी होत्या. मी लॅबच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिले : "स्मिअर, पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहावा."

स्लाइड

संध्याकाळी साडेसातला पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. "मॅडम, वेळ असेल तर येऊन जा."

रक्ताचा एक थेंब काचेवर पातळ पसरवून जांभळ्या-निळ्या रंगात बुडवला की स्मिअर तयार होतो. निरोगी रक्तात गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या पेशी अधूनमधून दिसतात. कुणाच्या केंद्राला तीनचार पाकळ्या, कुणात बारीक दाणे. या स्लाइडवर एकाच छापाच्या पेशी होत्या. मोठ्या, गोल, जवळजवळ पूर्ण जागा केंद्रानेच व्यापलेली आणि कडेला निळ्या रंगाची जेमतेम एक रेघ. यांना ब्लास्ट म्हणतात, म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या पेशी. मगजात त्या थोड्या असतात आणि तिथेच पक्क्या होतात. बाहेर फिरणाऱ्या रक्तात त्या दिसायलाच नकोत.

मशिनने याच पेशी "लिम्फोसाइट ७८ टक्के" म्हणून, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक नेहमीचा प्रकार समजून, मोजून छापल्या होत्या. मशीन आकारमान वगैरेवरून पेशींचे गट पाडते. शंका आली तर कागदावर खूण करते, पण त्या पेशी नक्की कोणत्या हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसल्या म्हणजे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) नाही, हाही गैरसमज आहे. नावाचा अर्थ 'पांढरे रक्त'. १८४७ मध्ये जर्मन डॉक्टर रुडोल्फ विरशॉ यांनी हे नाव रूढ केले, ते ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आला होता अशा रुग्णांवरून. या मुलीच्या पांढऱ्या पेशी तर नेहमीपेक्षा कमी होत्या.

घरच्यांना सांगणे

रात्री नऊला आई-वडील दोघांना दवाखान्यात बोलावून घेतले. "ब्लड कॅन्सर" हा शब्द मी आडवळणाने घेतला नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. वडिलांनी तीन प्रश्न विचारले आणि पुढचे सगळे निर्णय या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरले.

"गाठ कुठे आहे? काढता येते का?" गाठ नाही. हा कर्करोग पहिल्या दिवसापासून रक्ताबरोबर सगळीकडे फिरतो, म्हणून कापून काढण्याजोगे काही नसते.

"मग कितवी स्टेज?" स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासारखी पहिली-दुसरी-तिसरी स्टेज यात लावत नाहीत. कोणत्या प्रकारच्या पेशी, त्यांच्या गुणसूत्रांत काय बिघाड, वय किती आणि पहिल्या महिन्याच्या औषधाला रोग कसा दबतो, यावरून धोका कमी की जास्त हे ठरते.

तिसरा प्रश्न त्यांनी फार आशेने विचारला. "रक्ताचाच कॅन्सर आहे तर सगळं रक्त बदलून टाका ना मॅडम. आम्ही दोघं देतो, कारखान्यातली पोरं देतील."

मी त्यांना सांगितले की बाहेरून दिलेली प्लेटलेट फार तर आठवडाभर टिकते, लाल पेशी दीडदोन महिने. नवीन रक्त मगजच बनवणार आणि बिघाड मगजातल्या एका पेशीत सुरू झालाय. ती पेशी थांबायचे विसरली, स्वतःच्याच प्रती काढत सुटली, आणि त्या गर्दीत चांगल्या पेशींना जागा उरली नाही. म्हणून अंगात रक्त नाही, म्हणून ठिपके, म्हणून ताप. हाडांच्या आत दाटी झाल्यामुळेच पाय दुखत होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मागातच दोष आहे. टॉवेल बदलून काय व्हायचं, पुढचा बी तसाच निघणार." आजवर मी कुणालाही यापेक्षा चांगले समजावू शकलेले नाही.

पर्याय

त्या रात्री आमच्यापुढे चार रस्ते होते. सोलापुरातच पुढच्या तपासण्या सुरू करायच्या. जिल्ह्यातल्याच बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला, म्हणजे साधारण ७० किलोमीटरवर, न्यायचे. पुणे गाठायचे, अडीचशे किलोमीटर. किंवा मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला, साडेचारशे किलोमीटर.

बोनमॅरो तपासणी इथेच करून जावे असे एका नातेवाइकाचे म्हणणे होते, "कन्फर्म तरी करून जाऊ." मी नको म्हटले. ब्लास्टचा प्रकार ठरवायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणारी चाचणी, आणि गुणसूत्रांच्या चाचण्या लागतात. इथे खर्च करून तीनचार दिवस घालवले असते आणि उपचार करणारे डॉक्टर बहुधा त्यांच्या पद्धतीने पुन्हा नमुना घेणार होते. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

मुंबई निवडली ती कमी खर्चात लहान मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि वडिलांचे चुलतभाऊ तिथे राहायला, या दोन कारणांनी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही केमोथेरपी बसते आणि घरात केशरी रेशनकार्ड होते. पण कार्डावर मुलीचे नावच चढवलेले नव्हते. भावाचे होते, तिचे राहून गेले होते. मुलीच्या काकांनी पुढचे काही दिवस त्या एका ओळीसाठी फेऱ्या मारल्या. पुढे कागद असेच कमी पडू नयेत म्हणून सांगते : घरातल्या प्रत्येक लेकराचे नाव कार्डावर आहे का आणि आधारवरच्या नावाशी जुळते का, हे आजच काढून बघा.

काय केले

निघण्यापूर्वी स्थानिक रुग्णालयात प्लेटलेट चढवल्या. पत्रात तारखेसह सगळे आकडे लिहिले, स्लाइड कागदात गुंडाळून डबीत दिली. स्नायूत इंजेक्शन द्यायचे नाही, अ‍ॅस्पिरिन-ब्रुफेन द्यायचे नाही, आणि स्टेरॉइड तर मुळीच नाही.

शेवटचे सांगताना मला त्या सहा दिवसांच्या गोळ्या आठवल्या. कागद हरवला होता. आज्जीने कमरेची किल्ली काढली, पानाचा डबा उघडला आणि कातरलेल्या सुपारीखालून रिकामी स्ट्रिप काढून दिली. पुन्हा पाय दुखले तर दाखवून आणायला म्हणून तिने जपून ठेवली होती. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच.

स्टेरॉइड हे या रोगावरचे एक मुख्य औषधच आहे. मग आधी दिले तर बिघडले कुठे? एकटे आणि थोडे दिवस दिले की ब्लास्ट तात्पुरत्या विरघळतात, दुखणे जाते, रक्त काही दिवस बरे दिसते आणि निदान पुढे ढकलले जाते. शिवाय धोका किती हे ठरवताना पहिल्या औषधाला रोग कसा वितळतो हे पाहायचे असते. तो पहिला हिशेबच पुसला जातो. मुंबईच्या डॉक्टरांनी आल्या आल्या हाच प्रश्न विचारला, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस. आज्जीच्या पानाच्या डब्यामुळे त्याचे नेमके उत्तर देता आले.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी ते मुंबईत पोचले. निदान झाले : बी-सेल अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. पहिला टप्पा इंडक्शन, साधारण महिनाभराचा. मग पुढचे तीव्र टप्पे, मेंदूभोवती दडलेल्या पेशींसाठी पाठीतली इंजेक्शने, आणि शेवटी घरी राहून घ्यायच्या गोळ्यांचा लांब टप्पा. मिळून अडीच वर्षे. आई आणि मुलगी मुंबईत राहिल्या, वडील परत येऊन मागावर उभे राहिले. रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत स्लीपरला मुलीचे तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळत होती, त्यामुळे ये-जा झेपली.

अर्ध्यावर परत आणण्याची वेळ

पहिल्या महिन्याअखेर रिपोर्ट आला : मगजात रोग दिसत नाही. घरात पेढे आले. आणि दुसऱ्याच आठवड्यात बैठक बसली, आता बरी झाली तर परत आणा, दिवाळी तोंडावर आहे. त्यात समोरच्या घरातल्या काकांचे उदाहरण निघाले. त्यांनाही "ब्लड कॅन्सरच", ते तर रोज एक गोळी घेऊन कामाला जातात. मग या लेकराला एवढ्या सुया कशाला?

काकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता. ल्युकेमिया हे एका आजाराचे नाव नाही. ढोबळ चार घरे आहेत : झपाट्याने वाढणारे दोन आणि सावकाश वाढणारे दोन, मगजातल्या पेशींच्या लिम्फॉइड आणि मायलॉइड या दोन कुळांचे. काकांच्या प्रकारात नववे आणि बाविसावे गुणसूत्र एकमेकांचे तुकडे बदलतात आणि त्यातून एक सतत चालू राहणारे प्रथिन तयार होते. त्याच प्रथिनाला कुलूप घालणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून आहे. मुलीच्या आजारात तो बिघाड नव्हता. त्या गोळीचा तिला काही उपयोग नव्हता.

बैठकीला मी गेले आणि आकडेच सांगितले. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी रोगी पेशी असतात. शंभरातल्या नव्याण्णव मेल्या तरी एक हजार कोटी उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मगज स्वच्छ दिसू शकतो. दहा हजारांत एक पेशी शोधणारी वेगळी चाचणी असते, तिचेही उत्तर चांगले आले होते. तरीसुद्धा उपचार तिथे थांबवले तर रोग परत येतो. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन देऊन अशा मुलांचा रोग पहिल्यांदा मागे हटवला, तेव्हा नेमके हेच झाले होते : मुले काही महिने बरी झाली आणि रोग परतला. ते औषध बनवणाऱ्या चमूचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आणि आज मुलीला मिळणारे मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचे भावंड. शेजारचे एक तेलुगू भाषक आजोबा हे ऐकून ताठ बसले. "आमच्या गावाकडचा माणूस," म्हणाले, आणि मग बैठकीत तेच आमच्या बाजूने बोलले. वडील एवढेच म्हणाले, "धागा अर्ध्यात तोडायचा नाही." मुलगी दिवाळीला आली नाही.

आज्जीने तेवढ्यात आणखी एक काढले. मुंबईत आईला कुणीतरी सांगितले होते की विनक्रिस्टिन हे इंजेक्शन सदाफुलीपासून निघते. खरेच आहे. आणि आज्जीच्या दारात डालडाच्या डब्यात सदाफुली बारा महिने फुललेली. तिने पाल्याचा रस काढून बाटलीत भरून पाठवायचे ठरवले. सुदैवाने आधी विचारले. विनक्रिस्टिन फक्त शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून आणि दोन मिलिग्रॅमच्या वर न जाता देतात. पाल्याच्या रसात कितीतरी वेगवेगळी अल्कलॉइड, म्हणजे झाडातली तीव्र रसायने, असतात, कोणते किती ते ठरलेले नसते, आणि ज्या मुलीच्या पेशी आधीच औषधाने उतरलेल्या आहेत तिला त्याने इजाच झाली असती. बाटली मोरीत ओतली. झाड मात्र तिने उपटले नाही, रोज त्याला पाणी घालताना लेकराचे नाव घ्यायची.

तापाची रात्र

मेमध्ये मुलगी सोलापुरात आली, घरच्या गोळ्यांचा टप्पा सुरू झाला. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. ही दुसरी गोळी चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून आईने दिनदर्शिकेवर प्रत्येक गुरुवारला लाल गोल केला होता आणि त्या गोळ्यांचा डबा वेगळ्या फडताळात ठेवला होता.

त्या आठवड्यात पारा ४३ वर होता. रात्री अकराला आईचा फोन आला, अंग तापलंय, काखेत १०१.२. आत्या म्हणत होती, उन्हानं झालंय, माठातल्या पाण्याची पट्टी ठेवा, सकाळी बघू. मी म्हटले, पट्टी नको, गोळी नको, आत्ता रिक्षा करा.

पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल जंतूंशी लढतात. केमोमुळे ते पाचशेच्या खाली गेले की तापाखेरीज दुसरी खूण दिसत नाही. घसा लाल होत नाही, पू धरत नाही, कारण पू बनवणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून अशा तापाला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक लागते, रिपोर्टची वाट न पाहता. तिचे न्यूट्रोफिल २४० निघाले. पण अँटिबायोटिक सुरू व्हायला अडीच तास लागले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना आधी रिपोर्ट हवा होता आणि आईच्या हातात मराठीतली औषधांची वही सोडून काही नव्हते. पहाटे रक्तदाब उतरला, दोन दिवस अतिदक्षता विभागात गेले. ती वाचली.

निष्पत्ती

ठरलेल्या वेळी उपचार संपले. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुले बरी होतात; आपल्याकडे जी कमी पडतात त्यांतली बरीचशी संसर्गाने आणि अर्ध्यात सुटलेल्या उपचारांनी जातात. ही मुलगी दोन्ही ठिकाणांहून थोडक्यात निसटली. आता सहावीत आहे, तपासण्या चालू आहेत, एक वर्ष मागे पडली होती ते शाळेने सांभाळून घेतले. रक्त देताना कोणत्या हाताचे हे ती स्वतः ठरवते.

भावाचा प्रश्न आम्ही सगळेच विसरलो होतो. दीड वर्षाने त्याने मला एकट्याने येऊन विचारले, तिच्या ताटात जेवलो होतो, मला होईल का? नाही, हा संसर्गाचा आजार नाही. दीड वर्ष तो ते मनात घेऊन झोपत होता.

वेगळे काय करता आले असते

तीन आकडे एकदम उतरलेले दिसले की आता मी त्याच दिवशी स्मिअर मागते, साथ कोणतीही असो. पोट आणि मान तपासल्याची नोंद लिहिते. रात्री रडवणारी हाडदुखी असेल तर सीबीसी आणि स्मिअर झाल्याशिवाय स्टेरॉइड लिहीत नाही.

बार्शीला फोन करून विचारायला हवे होते. मुंबई निवडली त्याची खंत नाही, पण घराजवळचा पर्याय मी न विचारताच बाजूला ठेवला आणि त्या आईने आठ महिने परक्या शहरात काढले.

तापाचे पत्र मेमध्ये नाही, मुंबईहून घरी येण्याच्या आधीच तयार असायला हवे होते. त्या रात्रीनंतर केले : एक पान, इंग्रजीत, वर निदान आणि औषधे, खाली मोठ्या अक्षरात ताप आल्यास तासाभरात कोणते अँटिबायोटिक, आणि मुंबईच्या विभागाचा फोन. प्लॅस्टिकमध्ये घालून आईच्या पिशवीत. जवळच्या रुग्णालयात जाऊन कॅज्युअल्टीच्या प्रमुखांना आधी भेटूनही आलो.

आणि ज्या डॉक्टरांनी पहिल्या गोळ्या दिल्या त्यांना मी फोन केला तो दोन महिन्यांनी. रागावलेली होते म्हणून टाळत राहिले. खरे तर त्याच आठवड्यात करायला हवा होता, कारण त्यांच्यापुढे तसेच दुसरे मूल कुठल्याही दिवशी येऊ शकत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "तिचे पाय आता दुखतात का?"